आधी एवढं ऐक, मग घर बघ

अगं, तुझा फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. वीस वर्षांची आर्मी संपवून तुझा नवरा उन्हाळ्यात निवृत्त होणार आणि तू म्हणतेस, "ताई, टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, आम्ही चाललो तिकडे." थोडं थांब.

आमचं काय झालं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. हे नेव्हीत होते तेव्हा कायदेशीर पत्ता टेक्सासचा, राहायचो व्हर्जिनियात नॉरफोकला. नोकरीत असलेल्या सैनिकाला तशी मुभा असते, म्हणून व्हर्जिनियाने ह्यांच्या पगाराला हात लावला नाही. २०२२ मध्ये निवृत्त झाले, आम्ही तिथंच राहिलो, आणि वर्दीबरोबर ती मुभाही गेली. पेन्शनवरची सूट तेव्हा पंचावन्नच्या पुढच्यांनाच होती, हे पंचेचाळीसचे. वर्ष संपल्यावर १०९९-आर फॉर्म आला, तर फेडरल टॅक्स कापलेला आणि राज्याचा रकाना कोरा. आपण सांगितल्याशिवाय राज्याचा कर पेन्शनमधून कापतच नाहीत, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. १ मेच्या आत सगळे पैसे एकदम भरले. तुझ्या भाचीच्या कॉलेजसाठी ठेवलेले होते गं ते.

आता तिथली वयाची अट गेलीय, २०२५ पासून ४०,००० डॉलरपर्यंत सूट आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया तर सैनिकी पेन्शनवर कर घेतच नाहीत. कॅलिफोर्नियाने मात्र कालपरवापर्यंत काही सोडलं नव्हतं. २०२५ पासून उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर २०,००० डॉलर सोडतात.

पण नुसत्या पेन्शनकडे पाहून घर ठरवू नकोस. तो अजून चाळिशीतला, दुसरी नोकरी धरणारच, शिवाय तुझा पगार. न्यू जर्सीत एडिसनला आलात तर पेन्शन सुटेल, हे दोन्ही पगार सुटणार नाहीत. टेक्सासला पगार सुटतील, पण तिथला प्रॉपर्टी टॅक्स डोळे पांढरे करतो. न्यू जर्सीचाही करतो म्हणा. दोघं बसून सगळे आकडे एका कागदावर मांडा.

आणि त्याच्या गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू देऊ नकोस. त्यासाठी व्हीए (माजी सैनिकांचा विभाग) अपंगत्व भत्ता देऊ शकतो; त्यावर ना फेडरल कर, ना राज्याचा. निवृत्तीच्या १८० ते ९० दिवस आधी त्याचा अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्या हातात फार दिवस नाहीत. कर घेणाऱ्या राज्यात घर घेतलंत, तर पहिल्याच महिन्यात त्याला पेन्शनचं ऑनलाइन खातं, मायपे, उघडायला लाव आणि राज्याचा कर कापायला सांग.