शपथ मुलांच्या डोक्यावर नको

घरातल्या दारूचा विषय निघाला की आपण पिणाऱ्याबद्दल बोलतो, फार तर त्याच्या बायकोबद्दल. गडकऱ्यांच्या १९१९ सालच्या ‘एकच प्याला’ नाटकात दारुड्या सुधाकराच्या हातून तान्हं बाळही जातं, पण प्रेक्षक शंभर वर्षं रडत आले ते त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी. आज मला मुलांविषयी बोलायचंय, तेही त्यांच्या आईवडिलांशी, तुम्हा दोघांशी.

ताई, तुम्हाला वाटतं मुलं झोपलीत. ती झोपलेली नसतात. गाडी फाटकाशी कशी थांबली, कडी लावताना हात किती वेळा हुकला, यावरून आजची रात्र कशी जाणार हे सात वर्षांचं पोरही ओळखतं. सकाळी तुम्ही सांगता, ‘बाबांना बरं नव्हतं.’ मग ते स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडतं. थोरली धाकट्याचा डबा भरते, अभ्यासात पहिली येते आणि सगळे म्हणतात, किती समजूतदार! त्या समजूतदारपणाची काळजी करा. दंगा करणाऱ्या मुलाकडे शाळेचं लक्ष जातं, हिच्याकडे कुणाचंच जात नाही. आणि वडिलांना गुत्त्यावरून आणायला मुलाला पाठवू नका. कधीच नको.

दादा, आता तुमच्याशी. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीत ना? तुमच्या दृष्टीनं तो निर्धार होता. मुलानं ऐकलं ते असं, की बाबा प्यायले तर मला काहीतरी होईल. चार दिवसांत शपथ मोडली. त्या रात्री ते मूल अंथरुणात स्वतःच्या मरणाची वाट बघतं. मेलं नाही, तरी एवढं पक्कं समजतं, की बाटलीपुढे आपण कमी पडलो. मग गणितात चांगले मार्क मिळवले तर बाबा सोडतील, मी भांडलो नाही तर सोडतील, असे हिशेब सुरू होतात. ते वर्षानुवर्षं चालतात, लग्नानंतरही.

फेलिटी आणि अंडा यांचा बालपणीच्या आघातांवरचा अमेरिकी अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरातलं व्यसन मारहाणीच्याच यादीत आहे. असे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनाचा, हृदयविकाराचाही धोका जास्त. हे विधिलिखित मात्र नाही. खरं सांगणारं एक जरी मोठं माणूस घरात असलं, तरी मुलाला केवढा आधार होतो.

म्हणून खरं सांगा, वयाला पेलेल एवढंच: ‘बाबांना दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो बरा करणं तुझं काम नाही.’ मावशी, आजोबा, वर्गशिक्षिका, कुणाशी तरी बोलायची त्याला मोकळीक द्या. त्यानं घराण्याची अब्रू जात नाही.

दादा, तुम्ही सोडलीत तरी मुलं लगेच जवळ येणार नाहीत. ती पुन्हा कडीचा आवाज ऐकतील. रागावू नका, वेळ द्या.

शपथा पुरे झाल्या. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतही भरतात. या आठवड्यात तिथे जा, आणि कुठे चाललात ते मुलांना सांगून जा.