प्रत्यावाहनाची मतपत्रिका : कॅलिफोर्नियातील वाद

लोकनियुक्त पदाधिकाऱ्यास मुदत संपण्यापूर्वीच मतदानाने पदच्युत करण्याच्या मतदारांच्या अधिकारास प्रत्यावाहन म्हणतात. आपल्याकडे मुख्यमंत्र्यास दूर करावयाचे तर विधानसभेने अविश्वास व्यक्त करावा लागतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र गव्हर्नरविरुद्ध मतदार थेट कौल देऊ शकतात. गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, १९११ साली, ही तरतूद राज्यघटनेत आली. गव्हर्नरपदाबाबत ती प्रत्यक्ष मतदानापर्यंत पोहोचावयास ९२ वर्षे लागली.

नोव्हेंबर २००२ मध्ये पुन्हा निवडून आलेले ग्रे डेव्हिस यांच्याविरुद्ध पुढल्याच वर्षी सह्या गोळा झाल्या. मागील निवडणुकीत त्या पदासाठी पडलेल्या मतांच्या १२ टक्के, म्हणजे ८,९७,१५८ सह्या पुरेशा होत्या. वैध सह्या १३ लाखांवर गेल्या. मतदान ७ ऑक्टोबर २००३ रोजी ठरले.

मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात. गव्हर्नरांना दूर करावे काय? आणि केल्यास त्यांच्या जागी कोण? पहिल्याचा निकाल बहुमताने लागतो, दुसऱ्यात सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होतो. डेव्हिस यांना दुसऱ्या यादीत उभे राहता येत नव्हते. म्हणजे ४९ टक्के मतदारांना हवा असलेला गव्हर्नर जाऊन त्याहून पुष्कळ कमी मतांचा उमेदवार येणे शक्य होते. खरी मेख इथेच आहे. त्यातच ३,५०० डॉलर व ६५ सह्या एवढ्यावर उमेदवारी मिळत असल्याने १३५ नावे यादीत आली.

पहिल्या प्रश्नावर मत न दिल्यास दुसऱ्यावरील मत बाद, अशी कायद्यात अट होती. सॅन दिएगो येथील केंद्रीय जिल्हा न्यायालयाने जुलैअखेर ती रद्द केली. दुसरा वाद यंत्रांचा. लॉस एंजेलिससह सहा काउंट्यांत मतपत्रिकेस छिद्र पाडून मत नोंदविले जाई. कागदाचा तुकडा पुरता सुटला नाही तर यंत्र ते मत मोजत नसे. राज्यातील सुमारे ४४ टक्के मतदार या काउंट्यांतील होते, आणि मार्च २००४ पासून ही यंत्रे बाद व्हावयाची होती. १५ सप्टेंबर रोजी अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी निवडणूक स्थगित केली. प्रत्येक मतास समान मूल्य हवे, हा बुश विरुद्ध गोर खटल्यातील २००० सालचा दाखला त्यांनी घेतला. आठच दिवसांत अकरा न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने स्थगिती उठविली. टपालाने लाखो मते आधीच दिली गेली होती. सुरू झालेली निवडणूक थांबविणे त्यांना लोकहिताचे वाटले नाही.

५५.४ टक्के मतदारांनी डेव्हिस यांना दूर केले. अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना सुमारे ४२ लाख मते पडली. डेव्हिस राहावेत म्हणणारे ४० लाख होते. शंका तेवढ्यापुरती मिटली. २०२१ साली गॅव्हिन न्यूसम यांच्याविरुद्ध मतदान झाले तेव्हा तीच शंका न्यायालयात पुन्हा मांडली गेली, पण मतदान थांबले नाही. न्यूसम टिकले. त्यांच्या बाजूने सुमारे ७९ लाख मते पडली. दुसऱ्या प्रश्नात आघाडीवर असलेल्या लॅरी एल्डर यांना सुमारे ३५ लाख.