कल्पनेपासून संकेतस्थळापर्यंत

कल्पना सुचणे आणि ती तडीस नेणे यांत केवढे अंतर असते, हे आमच्या वर्गाकडे पाहिले तरी कळेल. एकाला आपल्या गावाच्या इतिहासाचे संकेतस्थळ काढायचे आहे, एकीला कवितांचे, तर आणखी एकाला लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काहीतरी उपयुक्त करायचे आहे. गेल्या दोन वर्षांत यांपैकी एकही संकेतस्थळ उभे राहिलेले मी पाहिले नाही. माझेही राहिले नव्हते. वास्तविक आज यासाठी छापखाना लागत नाही, भांडवल लागत नाही, संपादकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. हातातला मोबाइल पुरतो. मग अडते कुठे? या प्रश्नाचा विचार मी प्रस्तुत लेखात काही जुन्या-नव्या उद्योगांच्या आधारे करणार आहे. मात्र आधी माझी फजिती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

आम्ही कात्रपचे. बदलापूरच्या पूर्वेचे हे गाव आता शहरात इतके मिसळून गेले आहे की, नवीन आलेल्या माणसाला ते कधीकाळी निराळे गाव होते हे सांगूनही पटत नाही. आमच्या आगरी समाजात लग्नविधींच्या वेळी धवळे गाणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. माझ्या वडिलांची आत्या धवलारीण आहे. घरात आम्ही सगळी मुले तिला आत्याआजी म्हणतो. तिला लिहिता-वाचता येत नाही. मांडवापासून हळदीपर्यंत आणि पुढे वरात परत येईपर्यंतची सारी गाणी तिच्या तोंडी आहेत. मी प्रथम वर्षात असताना माघ महिन्यात एका चुलतभावाचे लग्न झाले. त्या लग्नात मला वाटले की, ही गाणी आवाजासकट इंटरनेटवर ठेवावीत, शेजारी शब्द लिहावेत आणि अवघड शब्दांचे अर्थ द्यावेत. कल्पना चांगली होती असे मला अजूनही वाटते.

त्यानंतरचे चार महिने मी काय केले? संकेतस्थळाचे नाव ठरवले, बदलले, पुन्हा ठरवले. हळदीचा पिवळा रंग घ्यावा की शालूचा हिरवा यावर मैत्रिणींची मते घेतली. पहिल्या पानावर घालण्यासाठी प्रस्तावना लिहिली. एका फुकट सेवेवर पाने बांधली. मुखपृष्ठ खरोखरच देखणे झाले होते. आषाढ उजाडला तेव्हा मी आत्याआजीसमोर मोबाइल धरून बसले आणि म्हटले, "आता गा."

ती म्हणाली, "लगीन नाय, मांडव नाय, मंग धवला गाऊ कसा?"

मी पुष्कळ विनवले. तिने ऐकले नाही. कार्याशिवाय धवळा गायचा नाही, हा तिचा नेम. म्हणजे तुळशीचे लग्न होईपर्यंत काही नाही! माझ्या त्या देखण्या संकेतस्थळावर गाणे एकही नव्हते, आणि आत्याआजीचे वय सत्तरीच्या पुढे आहे. लग्नसराईचे ते चार महिने मी रंग निवडण्यात घालवले होते. पुढे भाद्रपदात त्या फुकट सेवेने माझी पानेही पुसून टाकली. बराच काळ उघडली नव्हती असे कारण कळले. प्रस्तावनेची दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती. प्रस्तावना गेली याचे दुःख आता होत नाही, तो भाग निराळा.

त्या पावसाळ्यात गाणी नव्हती, म्हणून इतरांनी अशी कामे कशी केली ते वाचू लागले.

मराठीत स्वतंत्र उद्योगाचे नाव घ्यायचे तर डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे घ्यावे लागते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या या माणसाच्या डोक्यात मराठी ज्ञानकोशाची कल्पना होती आणि पाठीशी ना सरकार होते ना विद्यापीठ. त्यांनी कंपनी काढली, तिचे भाग विकले, वर्गणीदार मिळवले. नागपुरास सुरू केलेले काम पुढे पुण्यास नेले. १९२० ते १९२९ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड बाहेर पडले. गंमत अशी की, पहिले पाच खंड प्रस्तावनेचेच आहेत. 'अ' या अक्षराला त्यानंतर आरंभ होतो. हे वाचून मला क्षणभर बरे वाटले, कारण प्रस्तावनेत अडकलेली मी एकटीच नव्हते. परंतु फरक आहे. केतकरांची प्रस्तावना छापून वर्गणीदारांच्या हाती पडत होती. ज्याने पैसे भरले आहेत तो खंडाची वाट पाहतो, आणि ज्याची वाट पाहिली जाते ते काम लांबवता येत नाही. माझी वाट पाहणारे कोणीच नव्हते. आज हाच ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने इंटरनेटवर विनामूल्य ठेवला आहे. आमच्यासारख्या, घरात पुस्तकांचे कपाट नसलेल्या मुलांना तो मोबाइलवर वाचता येतो.

दुसरे उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट नावाच्या विद्यार्थ्याला तिथला मोठा संगणक वापरण्याची मुभा मिळाली. ४ जुलै १९७१ रोजी त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप केला आणि इतरांना मिळेल असा ठेवला. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या विनामूल्य पुस्तकांच्या संग्रहाचा तो आरंभ. पुढची गती मात्र ऐकण्यासारखी आहे. दहावा ग्रंथ पुरा व्हायला १९८९ साल उजाडले. अठरा वर्षांत दहा! पुढे हार्टने माप ठरवले. १९९१ मध्ये महिन्याला एक पुस्तक, १९९२ मध्ये दोन, १९९३ मध्ये चार, १९९४ मध्ये आठ. मदतीला माणसे येत गेली आणि २००३ मध्ये संख्या दहा हजारांवर पोहोचली. इंटरनेट पसरले, टाइप करण्याऐवजी यंत्राने पाने वाचता येऊ लागली, ही कारणे आहेतच. तरी 'जगातील सर्व पुस्तके' असे काम कोणालाही करता येत नाही. 'या महिन्यात एक पुस्तक' हे करता येते, आणि त्यात कोणालाही हात लावता येतो.

तिसरे उदाहरण माझ्या विषयाला सर्वांत जवळचे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ या पुण्याच्या अभ्यासकांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशीच्या डोंगराळ भागातील बायकांपासून सुरुवात करून हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. गावात पिठाची गिरणी आली की जाते थांबते आणि जाते थांबले की ओवी थांबते, त्यामुळे हे काम वेळेशी शर्यत लावूनच करावे लागले. बर्नार्ड बेल यांनी पुढे ध्वनिमुद्रण आणि संगणकावरची मांडणी यांत मोठा वाटा उचलला. पॉइट्व्हँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये वारल्या. परंतु काम त्यांच्याबरोबर गेले नाही. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर २०१७ पासून या ओव्या आवाजासह प्रसिद्ध होऊ लागल्या.

एक लाख हा आकडा वाचून मी प्रथम हबकले. मग ध्यानात आले की, ओवी म्हणजे दोन ओळी. एक ओवी, तिच्यापुढे गाणारणीचे नाव आणि गाव, की एक नोंद पुरी. पुरी झालेली नोंद एकटी उभी राहू शकते. पुढची नोंद झाली नाही तरी तिचे मोल कमी होत नाही. माझ्या आराखड्यात मात्र 'संकेतस्थळ' ही एकच नोंद होती, आणि ते पुरे झाल्याखेरीज काहीच पुरे होत नव्हते. माझी चूक आळसाची नव्हती असे मी घरी सांगत असे, ते खरेच होते. मी रोज काम करत होते. कामाचा तुकडा चुकला होता.

कार्तिकात तुळशीचे लग्न झाले आणि मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी एक धवळा म्हणजे एक काम, एवढेच ठरवले. लग्नात मुद्रण करायचे, त्याच रात्री फाइलला तारीख, गाव आणि विधी यांचे नाव द्यायचे. नाव द्यायचे राहिले तर आठ दिवसांनी कोणते गाणे कोणत्या विधीचे हे मलाही कळत नाही. मग शब्द उतरवायचे. कॉलेजला येताना सकाळच्या लोकलमध्ये उभे राहायलाच जेमतेम जागा मिळते, तेव्हा काही होत नाही. पण दुपारी परतताना कल्याणहून बदलापूरपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे बसायला मिळते. कानात हेडफोन घालून तेवढ्या वेळात चार ओळी उतरतात. कधी दोनच. घरी स्वतंत्र खोली नाही याची मी पूर्वी फार तक्रार करत असे. आता कामाची जागा म्हणून लोकलचा डबा मला मानवला आहे.

परीक्षेच्या काळात पाच आठवडे खंड पडला. पुन्हा वही उघडणे जड गेले. त्यानंतर मी ओळ मुद्दाम अर्धी सोडून उतरू लागले. दुसऱ्या दिवशी 'कोठून सुरू करू' हा प्रश्न उरत नाही. नव्या कल्पनांसाठी वहीचे शेवटचे पान राखले आहे. मैत्रिणी रोज काही सुचवतात. कोणी म्हणते व्हिडिओ कर, कोणी म्हणते ॲप कर. मी ते सारे शेवटच्या पानावर लिहून ठेवते. ते पान आता भरले आहे आणि त्यातले एकही काम मी केलेले नाही.

तांत्रिक बाजू फार थोडी आहे. सजावटीशिवायचे साधे पान, त्यावर शब्द आणि आवाजाची फाइल. मूळ मुद्रण न दाबता ठेवले तर तीन मिनिटांच्या गाण्याला सुमारे १६ मेगाबाइट लागतात; ऐकण्यापुरती दाबलेली एमपी३ प्रत दीड मेगाबाइटमध्ये मावते. पानावर लहान प्रत ठेवायची आणि मोठी जपायची. भाद्रपदातल्या धड्यानंतर प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवते. एक मोबाइलवर, एक भावाच्या पेनड्राइव्हवर आणि एक इंटरनेट आर्काइव्हवर. ही शेवटची संस्था अमेरिकेत १९९६ पासून असे साहित्य विनामूल्य जपत आली आहे. स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यायचा तर त्याचे दरवर्षी पैसे भरावे लागतात आणि भरणे थांबले की पत्ता जातो. म्हणून तो मोह मी तूर्त टाळला.

खरी अडचण लिहिण्यात आली. आत्याआजी 'धवळा' म्हणत नाही, 'धवला' म्हणते. आमच्या बोलीत 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो. शाळेत यासाठी मी बोलणी खाल्ली आहेत, त्यामुळे पहिले तीन धवळे मी नकळत शुद्ध करून लिहिले. नंतर मुद्रण ऐकत वाचले तर यमके मोडली होती. पुन्हा तिघांना पहिल्यापासून उतरवले. आता गाणे ती गाते तसेच लिहिते आणि अर्थ तेवढे प्रमाण मराठीत देते. या एका निर्णयाला मला जेवढा वेळ लागला तेवढा रंग निवडायलाही लागला नव्हता, पण तो वाया गेला असे वाटत नाही.

आजवर पाच लग्नांत तेवीस धवळे मुद्रित झाले. त्यांपैकी चौदा उतरवून झाले आणि तेवढेच पानावर आहेत. मुखपृष्ठ नाही. नावही आत्याआजीचेच दिले आहे.

ते देण्यापूर्वी तिला विचारले. ओव्यांच्या संग्रहात प्रत्येक बाईचे नाव असते हे वाचले होते, म्हणून विचारायचे सुचले. तिने विचारले, "माझा आवाज कुठं कुठं जाईल?" मी म्हटले, कुठेही जाईल, अमेरिकेलासुद्धा. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की, सगळे जाऊ दे, पण तीन धवळे घरच्या देवाचे आहेत, ते मांडवाबाहेर न्यायचे नाहीत. त्या तिन्हींचे मुद्रण माझ्याकडे आहे. पानावर त्यांच्या जागी फक्त विधीचे नाव लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे. फाल्गुनात शेजारच्या आळीत एक लग्न आहे. मोबाइल भरून ठेव, असे तिने परवा आपणहून सांगितले.