निर्मात्याचे शील

चित्रपट पाहून परतलेला विद्यार्थी नट कोण होते व गाणी कशी होती, एवढेच बहुधा सांगतो. विषय कोणी निवडला, पदरचा पैसा कोणी घातला आणि कोणत्या माणसांना त्यात स्थान दिले, हे प्रश्न त्यास क्वचितच सुचतात. वस्तुतः चित्रपटाचे शील याच गोष्टींवर अवलंबून असते. हे ध्यानी यावे म्हणून ख्वाजा अहमद अब्बास (१९१४–१९८७) यांच्या कार्याचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

पानिपत येथे जन्मलेले अब्बास मुंबईस येऊन वृत्तपत्रकार झाले. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळावर त्यांनी 'धरती के लाल' (१९४६) हा चित्रपट काढला. 'आवारा', 'श्री ४२०' अशा राज कपूर यांच्या चित्रपटांच्या लेखनाने त्यांचा लौकिक वाढला. परंतु 'नया संसार' या स्वतःच्या संस्थेत त्यांनी बाजाराची रुची पाहून विषय घेतले नाहीत. 'शहर और सपना' मध्ये मुंबईत निवारा न मिळालेले जोडपे एका मोठ्या नळात संसार मांडते. या चित्रपटास १९६३ चे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले.

गोव्याच्या मुक्तिसंग्रामावरील 'सात हिंदुस्थानी' (१९६९) मधील पात्रयोजना तर मननीय आहे. बंगालचे उत्पल दत्त येथे पंजाबी झाले, केरळचे मधू बंगाली झाले, आणि प्रथमच पडद्यावर आलेले अमिताभ बच्चन बिहारी मुसलमान कवी झाले. दुसऱ्याच्या प्रांताचे जिणे प्रत्येकास अंगी बाणवावे लागले. ऐक्याचा उपदेश करण्यापूर्वी निर्मात्याने तो भूमिका वाटतानाच आचरला, असे आम्हांस वाटते.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. कलकत्ता, मुंबई, मद्रास व दिल्ली या नगरांतील श्रीमंतांचा विलास आणि ती नगरे उभारणाऱ्या श्रमिकांचे दैन्य दाखविणारा एक लघुपट त्यांनी काढला. वेश्यावस्तीच्या दृश्यांमुळे सर्वांसाठी प्रदर्शनाचा दाखला नाकारण्यात आला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा सरकारने काटछाट न करता दाखला देण्याचे मान्य केले. स्वतःचे काम झाले होते. घरी परतण्यास कोणाची हरकत नव्हती. तथापि इतर निर्मात्यांपुढे तीच अडचण उभी राहणार, हे जाणून त्यांनी दावा पुढे चालविला.

१९७० च्या निकालात पूर्वपरीक्षण घटनासंमतच ठरले. या मुद्द्यावर ते हरले. मात्र परीक्षणाचे दंडक अधिक स्पष्ट असावेत, असे न्यायालयाने सांगितले. आणि सरकारचे अपील सरकारनेच ऐकू नये, हे म्हणणे सरकारलाही मान्य करावे लागले. पुढे १९८३ मध्ये अपिलासाठी न्यायाधिकरण स्थापन झाले. २०२१ मध्ये ते रद्द होऊन अपिले उच्च न्यायालयांकडे सोपविण्यात आली.

विद्यार्थिमित्रहो, आपले काम साधल्यावरही दुसऱ्यांसाठी जो दाराशी उभा राहतो, त्याची योग्यता केवळ निकालावरून ठरत नाही. पुढच्या वेळी चित्रपट पाहाल तेव्हा नटांच्या नावांबरोबर निर्मात्याचे नावही वाचा, आणि त्याने कोणासाठी काय सोसले हे विचारा.