क्रियापदांचा खेळ

फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. या भागातील पुष्कळ घरांतून पोवारी, झाडीबोली किंवा हिंदी बोलली जाते. पुस्तकी मराठीशी मुलाची खरी ओळख होते ती शाळेतच. त्याच सुमारास इंग्रजीही पुढे उभी राहते. महाराष्ट्रात पूर्वी पाचवीपासून सुरू होणारी इंग्रजी २००० सालापासून पहिलीतच आली. मग 'जंप म्हणजे उडी मारणे' अशी घोकंपट्टी सुरू होते. एका परक्या भाषेकडे जाण्यासाठी दुसऱ्या अर्ध्या परक्या भाषेची शिडी!

ही शिडीही डळमळीतच. आपण चप्पल काढतो, चित्र काढतो, खिशातून पैसे काढतो. इंग्रजीत मात्र टेक ऑफ, ड्रॉ आणि टेक आउट अशा तीन वेगळ्या क्रिया होतात. दार लावणे म्हणजे शट, तर रोप लावणे म्हणजे प्लांट. उलट, एकट्या 'प्ले'मध्ये खेळणेही आले नि वाजवणेही आले. शब्दास शब्द जोडून पाठ करणारे मूल येथे अडणारच. त्यात त्याचा दोष नाही.

कृतीतून भाषा शिकविण्याचा विचार नवा नाही. हॅरल्ड पामर यांचे 'इंग्लिश थ्रू ॲक्शन्स' हे पुस्तक १९२५ साली टोकियोत निघाले. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी आज्ञा ऐकून अंगाने प्रतिसाद देण्याची पद्धत मांडली. मुलाने प्रथम ऐकावे, करावे. बोलण्याची सक्ती नको, हे तिचे मर्म. पण एवढ्या दूर जायचे कारण काय? आपल्याकडचा 'शिवाजी म्हणतो' हा खेळ दुसरे काय आहे? त्यातील हुकूम तेवढे इंग्रजीत द्यावेत: रन, हॉप, क्लॅप, टर्न. शिक्षकाने आधी स्वतः करून दाखवावे. नंतर हात मागे बांधून नुसते बोलावे. मुले शब्द ऐकतात की आपली नक्कल करतात, हे तेव्हाच कळते.

मात्र या खेळात एक खोट आहे. चुकणारा बाद होतो आणि ज्याला सरावाची सर्वाधिक गरज तोच कोपऱ्यात बसतो. म्हणून बाद करण्याचा नियमच काढून टाकावा. चुकणाऱ्याने पुढचा हुकूम द्यावा. हवे तर मित्राने कानात सांगावा. हुकूम सोडण्याची हौस कोणत्या मुलास नसते?

शिवाय केवळ आज्ञांवर थांबलो तर 'रन' येईल, 'ही इज रनिंग' येणार नाही. त्यासाठी मूक अभिनय बरा. एकाने भाकरी थापावी, विहिरीचे पाणी शेंदावे, सायकल चालवावी. इतरांनी तो काय करतो आहे ते इंग्रजीत ओळखावे. भाकरी थापण्याला इंग्रजीत नेमका शब्द नाही, हेही मुलांना कळू द्यावे. 'मेकिंग भाकरी' म्हटले तरी चालेल.

वर्ग दाटीचा असेल तर धावणे व्हरांड्यासाठी ठेवावे. बाकावर बसूनही ओपन, शट, टच, पुश, पुल एवढे सहज होते. दप्तर तर प्रत्येकापाशी असतेच.