खेळाडूंची मते वाचताना : ‘डायब्लो ३’चे अनुभवाचे बोल

कल्पनारम्य जगात घडणाऱ्या ‘ॲक्शन रोल-प्लेइंग’ प्रकारच्या संगणकीय खेळात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, प्रत्येक लढाई स्वतःच्या चपळाईने लढतो आणि पाडाव केलेल्या शत्रूंकडून मिळणारी शस्त्रे, चिलखते व अनुभवगुण यांच्या बळावर त्या पात्राला टप्प्याटप्प्याने समर्थ करत नेतो. असा एक खेळ कित्येक आठवडे पुरतो आणि मोठ्या कंपन्यांच्या नव्या खेळाला भारतात काही हजार रुपये मोजावे लागतात. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी आधीच्या खेळाडूंची मते वाचण्याची रीत सर्वत्र रूढ झाली आहे. ही रीत योग्यच आहे, परंतु त्या मतांची केवळ सरासरी पाहून निर्णय घेणारे वारंवार फसलेले आहेत. काहींनी पुढे उत्तम ठरलेला खेळ हातचा घालवला, तर काहींनी कौतुकाच्या भरात सदोष खेळ पदरात पाडून घेतला. असे का होते, हे समजण्यास ब्लिझर्ड कंपनीच्या ‘डायब्लो ३’ या खेळाच्या पहिल्या दोन वर्षांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

‘डायब्लो २’ हा खेळ २००० साली आला आणि त्याचा पुढचा भाग थेट १५ मे २०१२ रोजी. बारा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर पहिल्या चोवीस तासांतच ३५ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मात्र हा खेळ एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे खेळाची माहिती साठवणाऱ्या व तो चालवणाऱ्या दूरस्थ संगणकांशी, सतत जोडलेले राहणे त्यात सक्तीचे होते. एवढ्या गर्दीचा भार त्या संगणकांना पेलला नाही आणि असंख्य खेळाडूंना खेळाऐवजी ‘एरर ३७’ ही सूचना पाहत बसावे लागले. त्याच काळात समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर या खेळाला शंभरपैकी ८८ गुण होते, तर सामान्य खेळाडूंची सरासरी दहापैकी चारच्या आसपास रेंगाळत होती. समीक्षक विकले गेले होते किंवा खेळाडू सूडबुद्धीने लिहीत होते, असे म्हणून ही तफावत निकालात काढणे सोपे होते व अनेकांनी तसे केलेही. वस्तुस्थिती अशी की दोघांनी वेगवेगळ्या गोष्टींना गुण दिले होते. समीक्षक आराखडा, रचना आणि लढाईची गोडी यांविषयी बोलत होते. पहिल्या दिवसांचा खेळाडू मात्र पैसे भरूनही दाराशीच अडल्याचे सांगत होता, आणि त्याचे ते म्हणणे अक्षरशः खरे होते.

सर्व्हरचा प्रश्न यथावकाश आटोक्यात आला. त्यानंतर जे उघड झाले ते अधिक खोलवरचे होते व म्हणूनच अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. या खेळात काठिण्याच्या चार पायऱ्या होत्या आणि त्यांतली शेवटची, ‘इन्फर्नो’, पात्र साठाव्या पातळीवर पोहोचल्यावरच खरी हाती येई. तिथवरचा प्रवास बहुतेकांना आवडला. परंतु इन्फर्नोत शत्रूंचा मारा इतका प्रखर होता की बार्बेरियन व मंक यांसारखी जवळून लढणारी पात्रे क्षणात कोसळत, दुरून मारा करणाऱ्यांचे मात्र कसेबसे निभावे. टिकाव धरायचा तर उत्तम शस्त्रे हवीत, आणि ‘लूट’, म्हणजे शत्रूंकडून पडणाऱ्या वस्तू, बहुधा त्या पात्राच्या उपयोगाच्याच नसत. याच्या जोडीला खेळातच एक लिलावघर होते, जिथे खेळाडू एकमेकांना वस्तू विकत. आधी खेळातल्या सोन्याच्या नाण्यांत आणि जून २०१२ पासून खऱ्या पैशांतही, ज्यातून कंपनी आपले शुल्क कापून घेई. परिणामी तासन्‌तास लढून जे मिळत नसे ते लिलावात सहज मिळू लागले, आणि ज्या ओढीवर हा सारा खेळप्रकार उभा आहे ती ओढच, म्हणजे पुढचा शत्रू काय टाकून जाईल ही उत्सुकता, मावळून गेली.

हा दोष वीस तास खेळलेल्या माणसाला दिसणे शक्यच नव्हते. त्याने ‘खेळ उत्कृष्ट’ असे लिहिले, शंभर तास खेळलेल्याने ‘खेळ पोकळ’ असे लिहिले, आणि दोघांनीही प्रामाणिकपणेच लिहिले. म्हणून अशा खेळाविषयीचे मत वाचताना लिहिणारा किती तास खेळला, कोणते पात्र घेऊन खेळला आणि कोणत्या महिन्यात खेळला, या तीन गोष्टी त्याच्या गुणांकनापेक्षा आधी पाहाव्यात. ज्या मतात यांतले काहीच आढळत नाही, ते कितीही तळमळीने लिहिलेले असले तरी खरेदीच्या निर्णयासाठी बाजूला ठेवावे.

महिना पाहण्याचे कारण असे की या प्रकारचे खेळ विकले गेल्यावरही बदलत राहतात. कंपनी वेळोवेळी ‘पॅच’, म्हणजे दुरुस्तीचे संच, पाठवते. कंपनीने सप्टेंबर २०१३ मध्ये लिलावघराने खेळाचा गाभाच कमकुवत केल्याचे मान्य केले, फेब्रुवारी २०१४ च्या पॅचने लुटीची पद्धत मुळापासून बदलून वस्तू कमी पण पात्राला साजेशा पडू लागतील अशी व्यवस्था केली, आणि १८ मार्च २०१४ रोजी लिलावघर बंद झाले. आठवड्याभरात ‘रीपर ऑफ सोल्स’ हा विस्तार, म्हणजे मूळ खेळाला जोडला जाणारा नवा भाग, आला. त्यानंतरचा ‘डायब्लो ३’ खेळणाऱ्यांनी ज्या खेळाची स्तुती केली, तो २०१२ साली विकला गेलेला खेळ राहिलाच नव्हता. तरीही जुनी मते नव्या मतांच्या शेजारीच उभी होती आणि सरासरीत दोन्ही एकत्र मिसळत होती. खेळाडूंनी सातत्याने व तपशीलवार तक्रार केली नसती तर हा बदल घडला असता का, याची दाट शंका वाटते. खेळाडूंच्या मताचे मोल आहे ते इथे.

पुढच्या खेळांतही हेच चित्र निरनिराळ्या रूपांत दिसले. २२ मार्च २०२४ रोजी आलेल्या कॅपकॉमच्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ वर ‘स्टीम’ या विक्रीमंचावर पहिल्याच दिवशी प्रतिकूल मतांचा वर्षाव झाला. त्यात दोन तक्रारी एकवटल्या होत्या : गजबजलेल्या नगरात खेळ अडखळतो ही एक, आणि खेळातल्या काही वस्तू वेगळे पैसे घेऊन विकल्या जातात ही दुसरी. त्या वस्तू खेळताखेळताही मिळत होत्या, त्यामुळे दुसरी तक्रार तत्त्वाची होती. पहिली मात्र सामान्य संगणक असलेल्या खरेदीदाराच्या थेट जिव्हाळ्याची होती. ‘एल्डन रिंग’ या खेळाच्या २०२४ च्या विस्ताराबाबत काठिण्याची तक्रार झाली, आणि विस्तारातल्या नव्या प्रदेशात विखुरलेले, पात्राचे बळ वाढवणारे तुकडे न शोधताच पुढे गेलेले खेळाडूही तक्रार करणाऱ्यांत होते. तक्रार ऐकू येताच ती यंत्राविषयी आहे, व्यापाराविषयी आहे की खेळाडूच्या कौशल्याविषयी, हे वेगळे करता आले की निम्मे काम होते.

स्टीमवर प्रत्येक मतासोबत लिहिणाऱ्याचे खेळाचे तास दिसतात, अलीकडच्या मतांचा कौल निराळा दाखवला जातो आणि कालानुसार मतांचा आलेखही पाहता येतो. आलेखात अचानक कोसळलेला भाग दिसला तर त्या दिवसांतली चारदोन सविस्तर मते वाचून कारण शोधावे. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत, आणि खेळ दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, तिथे पैसे परत मागता येतात. हे दोन तास कथेत रमण्यात न घालवता आपल्या संगणकावर खेळ अडखळतो का, हे गर्दीच्या व लढाईच्या प्रसंगांत तपासण्यासाठी वापरावेत. खेळाच्या शेवटच्या टप्प्याचा निवाडा दोन तासांत होत नाही, त्यासाठी दीर्घकाळ खेळलेल्यांचाच शब्द धरावा. आणि ज्या वाचकाने असा खेळ मनापासून खेळला आहे त्याने आपले पात्र, आपला संगणक व खेळाची आवृत्ती नमूद करून मत जरूर लिहावे, आणि पॅचनंतर परिस्थिती पालटली तर तेच मत उघडून दुरुस्त करावे.