‘कलास्वाद’ घेतला, पण मार्कांचं काय?

बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला की ओपन इलेक्टिव्हची यादी हातात पडते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा निवडायचा असतो. काही कॉलेजांच्या यादीत ‘कलास्वाद’ असतो. मुलं म्हणतात, “सोप्पंय, नुसती चित्रं बघायची.” पालक म्हणतात, “याला साधी झोपडी काढता येत नाही, पॉइंटर घसरला तर?” दोघांचाही अंदाज चुकतो. या विषयात मार्क आवडीनिवडीला नसतात आणि हातातल्या कलेलाही नसतात. जे पाहिलं ते पुराव्यासकट लिहिता आलं, की मार्क मिळतात.

आधी हिशेब करू

दोन क्रेडिटचा विषय म्हणजे सत्रात साधारण 30 तासांची शिकवणी. सत्राला एकूण 22 क्रेडिट धरू. यूजीसीच्या दहा गुणांच्या श्रेणीत ‘ओ’ला 10, ‘ए प्लस’ला 9, असं उतरत ‘बी’ला 6 गुण असतात. समजा, कलास्वादात ‘ओ’ऐवजी ‘बी’ मिळाला. चार गुणांचा फरक गुणिले दोन क्रेडिट म्हणजे आठ. त्याला 22ने भागलं की 0.36. एसजीपीए, म्हणजे सत्राचा पॉइंटर, तेवढाच खाली येतो. म्हणजे एका विषयाने करिअर बुडत नाही. पण प्लेसमेंटच्या कटऑफला एखाद्या दशांशासाठी अडलेल्या मुलाला विचारा, 0.36 किती असतात ते!

काम काय असतं?

अंतर्गत आणि सत्रान्त मूल्यमापनाचं प्रमाण विद्यापीठागणिक बदलतं, कामाचं स्वरूप मात्र बहुतेक ठिकाणी सारखं असतं. चित्र किंवा शिल्प दाखवून कलाकार, काळ, माध्यम आणि ठिकाण विचारणारी छोटी चाचणी, एका कलाकृतीचं दृश्य विश्लेषण, दोन कलाकृतींची तुलना, संग्रहालयाच्या भेटीचा अहवाल आणि शेवटी लेखी पेपर.

चाचणीत पाठांतराला मार्क आहेत, पण ते नेमकं हवं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सगळे ओळखतात आणि माध्यमाच्या रकान्यात बेधडक ‘फ्रेस्को’ लिहून मोकळे होतात. खरा फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर रंगवतात. अजिंठ्यात गिलावा सुकल्यावर रंगकाम झालं आहे. तिथेच मार्क जातो.

विश्लेषणात मार्क कुठे जातात?

सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ घ्या. हातात दिवा घेतलेली स्त्री, चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात. आजही हे राजा रविवर्म्याचं चित्र समजणारे पुष्कळ आहेत, म्हणजे पहिली विकेट तिथेच पडते. एक विद्यार्थी लिहितो, “हे चित्र अतिशय सुंदर असून त्यातून भारतीय स्त्रीच्या आशेचं दर्शन घडतं.” पुढे पानभर हळदणकरांचं चरित्र. यात खोटं काही नाही, पण चित्र न बघताही हे लिहिता आलं असतं.

दुसरा लिहितो, “उजेड एकाच ठिकाणाहून येतो, तो म्हणजे हातातला दिवा. दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा केल्यामुळे बोटं तांबूस दिसतात. दिव्यापासून दूर जावं तसा अंधार वाढतो, म्हणून नजर आपोआप हात आणि चेहऱ्याकडे जाते. माध्यम जलरंग आहे. त्यात उजळ भागासाठी कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखावा लागतो, त्यामुळे हा उजेड चित्रकाराला सुरुवातीलाच ठरवावा लागला असणार.” शब्द साधेच आहेत, पण प्रत्येक विधानाला चित्रात बोट ठेवायला जागा आहे. परीक्षक याच उत्तराला वरची श्रेणी देतात.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं सबमिशनही याच कसोटीवर उघडं पडतं. ते कुठल्याही चित्राला लागू पडेल असं बोलतं. त्यावर तोंडी दोन प्रश्न आले की मुलगा गप्प!

संग्रहालयात जाताना

मुंबईकरांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, पुणेकरांना राजा दिनकर केळकर संग्रहालय, नागपूरकरांना अजब बंगला, तर सातारकरांना औंधचं श्री भवानी संग्रहालय. सगळी दालनं पालथी घालू नका. एकच वस्तू निवडा, तिच्यासमोर वीस मिनिटं थांबा आणि दिसेल ते पेन्सिलीने टिपून घ्या. पाटीवरची माहिती उतरवून घ्या, पण तिलाच अहवाल समजू नका. फोटो काढायला परवानगी आहे का, ते दारातच विचारा. जवळपास संग्रहालय नसेल, तर गावातल्या जुन्या मंदिराचं शिल्पकाम चालेल का, हे सरांना किंवा मॅडमना आधीच विचारून ठेवा.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिली नाही, चालेल का?* चालेल. इथे रेखाटन आलंच, तर ते समजून घेण्यापुरतं असतं. त्याच्या सफाईला मार्क नसतात.

*केटी लागते का?* हजेरी राखली आणि इंटर्नलची सबमिशनं वेळेवर दिली, तर ती वेळ सहसा येत नाही. शेवटच्या आठवड्यात सगळं उरकणाऱ्यांचीच पंचाईत होते.

*पुढे उपयोग काय?* या एका विषयावर नोकरी मिळत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण जाहिरात, ॲप-डिझाइन, ॲनिमेशन, इंटिरियर अशा क्षेत्रांत ‘हे का चांगलं दिसतं’ हे शब्दांत सांगता येणं रोजचं काम असतं. खरोखर गोडी लागली, तर पदवीनंतर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात कलेतिहास किंवा संग्रहालयशास्त्र शिकता येतं. दृश्यकलेत पदवीच करायची असेल, तर बारावीनंतरची एमएएच-एएसी सीईटी आहे. तो निर्णय मात्र स्वतंत्रपणे घ्यायचा, इलेक्टिव्हमधल्या ‘ओ’वरून नव्हे.

पहिल्या आठवड्यात एवढं करा

अभ्यासक्रमाची प्रत मिळवा आणि इंटर्नल किती, लेखी किती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. विश्लेषणाचे गुणदान निकष मागून घ्या. दर आठवड्याला एका कलाकृतीवर दहा ओळी लिहा. त्या कलाकृतीत दाखवता येत नसलेलं वाक्य खोडून टाका. पालकांनी एकच करावं: मुलाने लिहिलेला उतारा चित्र न बघता वाचावा. वाचून चित्र डोळ्यांसमोर आलं नाही, तर तो परत लिहायला सांगावा. त्यासाठी पालकांना कलेतलं काही कळायची गरज नाही.